नळी आणि लाकूड

"बाबा, दोनच तर बोल्ट आहेत," लेक म्हणाली.

दिवाणावर जुनी चादर अंथरून तिने तिची एअर रायफल आडवी ठेवली होती. शेजारी खोक्यातून नुकताच काढलेला ॲल्युमिनियमचा फोरएंड होता आणि माझ्या हातात ॲलन की. बोल्ट खरंच दोनच होते. हिंगण्याच्या एमआयडीसीत मी सत्तावीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढली आहेत. टनभर वजनाचे गिअरबॉक्स उघडून परत बसवले आहेत. तरी मी ॲलन की चादरीवर ठेवली आणि म्हणालो, "उद्या बघू."

तिला वाटलं, मी दमलोय. माझ्या डोळ्यांसमोर मात्र कपाटात कुलपाआड असलेली दुसरी रायफल आली होती, आणि चौदा वर्षांपूर्वी ऐकलेला, जुनं लाकूड फुटतानाचा आवाज.

ज्यांचा बंदुकांशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी आधी एवढं सांगतो. रायफलच्या नळीखाली पुढच्या बाजूला जो भाग असतो, ज्याच्यावर डावा हात टेकतो, तो फोरएंड. लष्करी रायफलींमध्ये हेच आवरण नळीच्या वरूनही येतं, कारण गोळ्या झाडून नळी तापली की हात भाजतो; त्याला हँडगार्ड म्हणतात. दिसायला हे सगळं बंदुकीचं कव्हर वाटतं, मोबाइलला घालतो तसं. जुनं काढा, नवं घाला, रंग आवडला नाही तर पुन्हा बदला. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं.

लेक या खेळात आली ती २०२४ च्या ऑगस्टमध्ये. पॅरिसला स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह ब्राँझ मिळवलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या खेड्यातला मुलगा, रेल्वेत नोकरी करणारा. ती टीव्हीसमोरून उठली आणि नागपुरात कुठे शिकवतात म्हणून तिने विचारलं. मी मनात म्हटलं, आठवडाभराचं वेड आहे. आठवडा गेला, वर्ष गेलं, आणि क्लबच्या रायफलीवर शिकून झाल्यावर आम्ही एक जुनी जर्मन बनावटीची एअर रायफल विकत घेतली. तिच्या आधीच्या मालकाने ती फार जपून वापरली होती.

या वर्षभरात लेक दोन इंच वाढली. १० मीटर एअर रायफल उभं राहून झाडतात. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं, त्या हाताच्या तळव्यावर किंवा मुठीवर फोरएंड ठेवायचा आणि साडेपाच किलोपर्यंतचं वजन स्नायूंवर न घेता हाडांवर तोलायचं. साठ शॉट, सव्वा तास. अंगात कॅनव्हासचं जाड, कडक जॅकेट. नागपूरच्या मे महिन्यात ते जॅकेट घालून उभं राहणाऱ्या मुलांकडे मी पाहतो तेव्हा मला आमच्या फॅक्टरीतल्या भट्टीवरची माणसं आठवतात. कमरेपासून खांद्यापर्यंतचं अंतर वाढलं आणि फोरएंडची उंची तीच राहिली, की रायफल डोळ्याच्या खाली राहते. मग डोळा रायफलीकडे न्यायला मान वाकते. "मान दुखते" ही तिची तक्रार तिथून आली. कोचनी पाहिलं आणि सांगितलं की उंची कमी-जास्त करता येणारा फोरएंड लागेल. बसवून हवा असेल तर रायफल पुण्याला पाठवा, नाहीतर घरी बसवा. पाठवली तर तीन आठवडे सराव बुडणार आणि स्पर्धा पुढच्या महिन्यात.

म्हणून तो दिवाण, ती चादर आणि ते दोन बोल्ट.

आता कपाटातल्या रायफलीबद्दल.

अण्णांची काटोलकडे संत्र्याची बाग होती, आणि बागेच्या कडेला तूर-चणा. रानडुकरांचा त्रास अमाप. पीकरक्षणासाठी म्हणून अण्णांना लायसन्स मिळालं आणि त्यांनी ईशापूरच्या रायफल फॅक्टरीची थ्री-फिफ्टीन घेतली. हिचं घराणं ली-एनफिल्डचं, म्हणजे पूर्वी पोलिसांच्या खांद्यावर दिसायची त्या थ्री-नॉट-थ्रीचं. इंग्रजांना आपल्या फौजेचं काडतूस सामान्य माणसाच्या हाती पडू द्यायचं नव्हतं. म्हणून नागरिकांसाठी वेगळ्या मापाची रायफल ठेवली, आणि इंग्रज गेल्यावरही ते माप चालूच राहिलं. अण्णांनी तिच्यातून एकही डुक्कर मारलं नाही. माचाणावर बसून रात्री एखादा बार हवेत काढायचे, पहाटे घरी येऊन रायफल स्वच्छ करायचे आणि तिच्या लाकडाला जवसाचं तेल चोळायचे. जवस घरचाच. आईची जवसाची चटणी आणि अण्णांच्या रायफलीचा वास माझ्या डोक्यात अजून एकमेकांपासून सुटलेले नाहीत.

२०१० मध्ये अण्णा गेले. नागपूर शहरात शस्त्राचं लायसन्स पोलीस आयुक्त देतात. वारसाहक्काने ते माझ्या नावावर व्हायला वेळ लागला. २०१२ च्या मे महिन्यात रायफल रीतसर माझ्या घरी आली आणि हातात घेताच कळलं, ही खुळखुळते आहे. पुढचं लाकूड थोडं हलत होतं. मागचा, खांद्याला टेकतो तो दस्ताही हलत होता.

हे होणारच होतं. नागपुरात लाकडाचं काय होतं ते इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, हवा कोरडीठाक, आणि सागाच्या दाराच्या फळ्यांत पैसा जाईल एवढी फट पडते. श्रावणात तेच दार फुगतं आणि खांद्याने ढकलावं लागतं. त्यात आपण खोलीत कूलर लावतो. बाहेर भट्टी आणि आत दमट. दोन वर्षं रायफल माझ्या ताब्यात नव्हती आणि त्या काळात तिला तेल कोणी लावणार नव्हतं. लाकूड सुकलं होतं, एवढंच.

मी मेंटेनन्सचा माणूस. सैल झालंय, तर घट्ट करायचं. चापाच्या पुढे खालून एक स्क्रू येतो, तो पुढचं लाकूड लोखंडाशी धरून ठेवतो. तो मी आवळला. आधीच घट्ट होता. आणखी आवळला. लाकूड तरी हलतच राहिलं. मला याचा अर्थ लागला नाही. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. स्क्रू घट्ट आणि लाकूड सैल, हे माझ्या कारखान्यात कुठल्या यंत्राबाबत झालं असतं तर मी ड्रॉइंग काढल्याशिवाय पुढे हात लावला नसता. पण ही घरची वस्तू, अण्णांची, लहानपणापासून पाहिलेली. पाहिलेलं म्हणजे कळलेलं असं मी धरून चाललो.

मग दस्त्याकडे वळलो. या रायफलीचं लाकूड दोन तुकड्यांचं असतं, मागे दस्ता आणि पुढे फोरएंड, मधे लोखंड. दस्त्याच्या पोटातून एक लांब बोल्ट आरपार जाऊन लोखंडात बसतो. मागची पट्टी काढली, आत टॉर्च मारला, खोल तळाशी बोल्टचं डोकं दिसलं. फॅक्टरीतून लांब पेचकस आणला आणि जोर लावला. बोल्ट फिरला. त्याच क्षणी माझ्या डाव्या हाताखाली, दस्त्यात नाही तर पुढच्या लाकडात, वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज झाला.

फोरएंडला मागच्या टोकापासून चार बोटं लांब चीर गेली होती.

मला तेव्हा काहीच समजेना. जोर मागे लावला, फुटलं पुढे. रायफल चादरीत गुंडाळून कपाटात ठेवली आणि आईला काही बोललो नाही. आई शेजारच्या खोलीत होती. तिने आवाज ऐकला असणार.

नागपूरच्या महाल भागातल्या एका गल्लीत बंदूक दुरुस्तीचं लायसन्स असलेलं एक लहानसं दुकान होतं. सत्तरीचे मिस्त्री एकटेच काम करायचे. भिंतीवर फ्रेममध्ये त्यांचं लायसन्स, खाली कानशींची रांग. मी माझे कागद दाखवले, रायफल उघडली. त्यांनी चिरीवर अंगठा फिरवला आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, "आंधी दस्ता फिरवला का जी?"

मी हो म्हटलं.

"समोरचं लाकूड न काढता?"

मी गप्प.

"आंधी समोरचं काढाचं असते. मंग दस्ता." मग त्यांनी पुढचं लाकूड उतरवून मला दाखवलं. दस्त्यातून येणाऱ्या त्या लांब बोल्टचं टोक चौकोनी असतं. ते लोखंडातून थोडं पुढे डोकावतं आणि फोरएंडच्या मागच्या टोकात बसवलेल्या एका छोट्या पट्टीच्या खाचेत अडकतं. बोल्ट आपोआप सैल होऊ नये म्हणून केलेली ही सोय. धक्क्याने तो फिरायला गेला तर ती खाच त्याला धरून ठेवते. पण माणसाने पेचकसाने फिरवला तर चौकोन खाचेत फिरतो, पट्टीला पीळ बसतो आणि पट्टी ज्या लाकडात आहे ते लाकूड फाटतं. बाहेरून यातलं तसूभरही दिसत नाही. ज्याने कधी उघडून पाहिलं त्यालाच माहीत, किंवा ज्याला कोणी सांगितलं त्याला.

आणि तो पहिला स्क्रू? त्याच्याभोवती लाकडाच्या भोकात एक पोलादी कॉलर असते, स्क्रूने लाकूड चेपू नये म्हणून. लाकूड ताजं असतं तेव्हा कॉलरची उंची लाकडापेक्षा केसभर कमी. लाकूड सुकून आटलं की कॉलर उंच ठरते. स्क्रू कॉलरवर जाऊन बसतो आणि लाकूड मोकळंच राहतं. मी कितीही आवळलं असतं तरी काही झालं नसतं. मिस्त्रींनी कॉलर कानशीवर चार वेळा ओढली, बोटाने चाचपली, परत दोनदा ओढली. संपलं.

चिरीचं काम मात्र तीन आठवडे चाललं. मी सुटीच्या दिवशी जाऊन बसायचो. त्यांनी कधी जा म्हटलं नाही. चिरीत ॲराल्डाइट भरून, शिकंज्यात दाबून, आडव्या दोन पितळी पिना घातल्या. मग खरं काम. रॉकेलच्या चिमणीवर धरून त्यांनी लोखंडाला काजळी धरवली, लोखंड लाकडात बसवलं, उचललं. लाकडावर जिथे काळं उमटलं तिथे टेकतंय. नको तिथे टेकत असेल तर पटाशीने पापुद्र्याएवढं खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा बसवणं, पुन्हा उचलणं. दोन्ही बाजूंना मागे जिथे धक्का लाकडावर येतो तिथे काळा ठसा अगदी सारखा हवा. एकाच बाजूला टेकलं तर दर गोळीला रायफल त्याच बाजूला लाकूड फाडत जाणार. मी मोजायचं सोडून दिलं, पण वीसपेक्षा कमी वेळा त्यांनी ते उचललं नसेल.

"इतकं कशाला?" मी एकदा विचारलंच.

"नळी वाजते, भाऊ. बार झाला का वाजते. तिले हात लावलेला कुठी चालते, कुठी नाही, ते लाकडाले माहीत पाह्यजे."

हे वाक्य मी फॅक्टरीत कित्येकदा मनात म्हटलं आहे. त्यात शास्त्र पूर्ण आहे. गोळी नळीतून धावताना नळी तारेसारखी कंप पावते. प्रत्येक वेळी तो कंप सारखाच झाला तर गोळ्या एका जागी पडतात. लाकूड आज टेकलं, उद्या सुकून सुटलं, परवा फुगून दुसरीकडे टेकलं, तर तोच माणूस, तोच नेम आणि गोळी भलतीकडे. ली-एनफिल्डच्या लष्करी रायफलीत तर लाकडाने नळीच्या तोंडाजवळ तिला खालून ठरावीक उचल द्यायची अशीच योजना होती, आणि आर्मरर, म्हणजे फौजेतले बंदूक-कारागीर, ती हाताने जुळवत. लाकूड हा तिथे आधार नव्हताच, यंत्राचा भाग होता. मी तो कव्हर समजून पिळला.

कायद्याच्या बाजूनेही मी चुकलो होतो, हे लपवत नाही. शस्त्र कायदा १९५९ चं कलम ५ बंदुका बनवणं, विकणं, बदलणं, दुरुस्त करणं हे सगळं लायसन्सखाली आणतं. बंदूक बाळगायचं लायसन्स म्हणजे तिच्यावर कारागिरी करायचं लायसन्स नाही. वापरणाऱ्याने साफसफाई करावी, तेल लावावं. त्यापुढचं काम दुकानाचं. हे मला मिस्त्रींच्या भिंतीवरच्या फ्रेमखाली बसून समजलं आणि पटलंही, कारण ज्या वस्तूत चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर स्फोट होतो तिथे अर्धवट माहिती असलेल्या हौशी माणसाची जागा नाही.

लेकीची रायफल या कायद्याच्या दृष्टीने वेगळी गोष्ट आहे. ४.५ मिमीचा छर्रा, अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचा, सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने जातो. ऊर्जा सात-आठ ज्यूल. ४.५ मिमीपर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलीला लायसन्स लागत नाही. दारू नाही, स्फोट नाही; नळीखालच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाची हवा. ती काही खेळण्यातली हवा नाही, ट्रकच्या टायरच्या वीसपट दाब आहे. म्हणून सिलिंडरचा व्हॉल्व्ह, रेग्युलेटर, ट्रिगरचं पोट, यांना मी हात लावणार नाही. ती रायफल वेळ आली की पुण्यालाच जाईल, तीन आठवडे गेले तरी. मेंटेनन्सवाला म्हणून सांगतो, दाबाखालची वस्तू उघडायची हौस ज्याला आहे त्याला मी माझ्या शिफ्टमध्ये घेत नाही.

पण फोरएंड? यावर मी रात्रभर विचार केला. नव्या बनावटीत नळी पुढे कशालाच टेकत नाही. ती मागे सिस्टिममध्ये घट्ट बसवलेली आणि पुढे पूर्ण मोकळी. फोरएंड स्टॉकच्या, म्हणजे रायफलीच्या सांगाड्याच्या, रुळावर बोल्टने बसतो, नळीला शिवत नाही. म्हणजे ज्या गोष्टीसाठी महालातले मिस्त्री तीन आठवडे काजळी लावत बसले, ती गोष्ट इथे कारखान्यातच टाळून ठेवलेली आहे. मी चूक केलीच तर ती डोळ्यांना दिसेल, आणि बोल्ट सैल करून मागे घेता येईल. ली-एनफिल्डमध्ये माझी चूक आत होती, न दिसणारी, आणि आवाज झाला तेव्हा ती होऊन गेलेली होती. घरी करायचं की मिस्त्रीकडे न्यायचं, हे मी आता हाताच्या कौशल्यावरून ठरवत नाही. माझे हात २०१२ मध्येही वाईट नव्हते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी आधी पुस्तिका वाचायला बसलो आणि लेक वैतागली. "बाबा, पंधरा मिनिटांचं काम!" पुस्तिकेत प्रत्येक बोल्ट किती न्यूटन-मीटरला आवळायचा ते दिलेलं होतं. पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनियमचे आटे; मनगटाच्या अंदाजाने आवळलं तर आटे मरतात, आणि मेले की रूळच बदलावा लागतो. फॅक्टरीतला छोटा टॉर्क ड्रायव्हर मी मागून आणला होता.

तिने रायफल उघडून रिकामी असल्याचं मला दाखवलं, रिकामी असल्याची खूण म्हणून नळीतून केशरी दोरी ओवली. रेंजची ही शिस्त तिने घरीही सोडली नाही, याचा मला फार आनंद झाला. मग सिलिंडर फिरवून बाजूला काढला. जुना अक्रोडाचा फोरएंड कुठवर येतो तिथे मास्किंग टेपवर पेन्सिलने रेघ मारली, फोटो काढले, बोल्ट सोडले. लाकूड सहज हातात आलं. आतून कोणीही कधी न पाहिलेलं, फिकट आणि कोरडं.

नवा बसवताना मी एकच गोष्ट चुकलो. पुढचा बोल्ट पूर्ण आवळून मगच मागचा लावायला गेलो, आणि मागचा तिरका जाऊ लागला. आट्यात कुरकुर जाणवली. लगेच थांबलो, दोन्ही सोडले, बोटाने दोन्ही अर्धे लावले, मग आलटून पालटून. कुरकुर नाही. टॉर्क ड्रायव्हरने टक् केलं. सिलिंडर लावून लेकीने वहीचं पान फाडून त्याची पट्टी केली आणि नळीखालून पुढपासून मागपर्यंत सरकवत नेली. कुठेही अडली नाही. ही युक्ती तिला मी शिकवलेली नव्हती. रेंजवर कोणी तरी शिकवली असेल. मला ती चिमणीची काजळी आठवली.

शेवटी वजन. किराणा दुकानातल्या काट्यावर रायफल ठेवायला दुकानदाराने आधी नकार दिला, मग दोरी ओवलेली पाहून तयार झाला. साडेपाच किलोची मर्यादा ओलांडलेली नव्हती. स्पर्धेच्या आधी मोजमापाच्या टेबलावर वजनही पाहतात आणि फोरएंडची खोलीही, म्हणून फोरएंडची उंची ठरवणारे ठोकळे आम्ही मुद्दाम मधल्या उंचीवर ठेवले.

सोमवारी संध्याकाळी रेंजवर गेलो. १० मीटरवरच्या लक्ष्याचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, पेनाच्या टोकाएवढा. इथे कशानेही फरक पडतो. अभिनव बिंद्राने ११ ऑगस्ट २००८ ला बीजिंगमध्ये सुवर्ण जिंकलं, शेवटचा शॉट १०.८, एकूण ७००.५. त्याच दिवशी अंतिम फेरीआधीच्या सरावात त्याचा शॉट चारवर गेला होता, कारण साईट, म्हणजे नेम धरायचं साधन, हललेली होती. हे मी गाडीत लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "माहितीये बाबा," आणि खिडकीबाहेर बघत बसली.

पहिले पाच छर्रे डावीकडे खाली गेले. माझ्या पोटात खड्डा पडला. पण पाचही एकाच जागी होते, एकमेकांवर. ग्रूप फुटला नव्हता, नुसता सरकला होता. डोकं आता सरळ होतं, डोळा अपर्चरच्या, म्हणजे साईटच्या बारीक भोकाच्या, मागे वेगळ्या जागी येत होता, नेम सरकणारच. तिने साईटचे क्लिक मोजून फिरवले. पुढचे दहाच्या घरात येऊ लागले.

वीस-बावीस शॉटनंतर तिने रायफल खाली ठेवली, हवा सोडली, दोरी ओवली आणि मागे बाकावर बसलेल्या माझ्याकडे वळून हात पुढे केला. "ॲलन की."

"काय झालं?"

"अजून थोडं वर पाहिजे. एक ठोकळा."

मी उठायला लागलो. तिने मान हलवली. की घेतली, रायफल टेबलावर उलटी केली, दोन्ही बोल्ट आधी अर्धे सैल केले, ठोकळा सरकवला, दोन्ही बोटाने लावले आणि मग आलटून पालटून आवळायला घेतले. टॉर्क ड्रायव्हर माझ्या बॅगेत होता. तिने तोही मागितला.